काटा कोणाच्या हाती?

२०२४ सालच्या २६ एप्रिलला तीन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. आमच्या हिंगोली लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, बिलोली तालुक्यातील एका मतदान केंद्रावर एका तरुणाने लपवून आणलेली कुऱ्हाड मतदानयंत्रावर घातली. आणि त्याच दिवशी दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाचे न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांनी निकाल दिला की, कागदी मतपत्रिकेकडे परत जाणे नाही, आणि यंत्राजवळच्या पेटीत पडणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या मोजणेही नाही. एकीकडे रांगेत उन्हात उभ्या असलेल्या बायाबापड्या, दुसरीकडे कुऱ्हाड आणि तिसरीकडे निवाडा. या तिहींचा एकमेकांशी काय संबंध आहे तो आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे आज मांडावयाचा आहे.

कुऱ्हाड घालणाराची पाठराखण आम्ही करीत नाही. त्या यंत्रात सकाळपासून मत टाकून गेलेल्या गरिबांची मते होती. ती सुरक्षित आहेत असे अधिकाऱ्यांनी सांगितले, दुसरे यंत्र लावले आणि मतदान पुढे चालले, हे ठीकच झाले. गुन्ह्यास शिक्षा असते. पण कुऱ्हाड उचलण्यापर्यंत एखाद्या पोराची मजल का जाते याचा विचार करावयाचा नाही, असे काही कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही.

प्रथम एक गोष्ट उघड सांगून टाकतो. यंत्रातून मते चोरली जातात असे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून कोणास चोर म्हणणे हे आमच्या पत्राचे काम नव्हे. पुढारी मंडळींच्या ओरडीवर तर आमचा मुळीच विश्वास नाही. २००९ ची लोकसभा हरल्यावर लालकृष्ण अडवाणी यांनी याच यंत्रांविषयी शंका काढली होती. २०१० साली त्यांच्याच पक्षाच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी यंत्रांविरुद्ध अख्खे पुस्तक लिहिले. पुढे तो पक्ष जिंकू लागला आणि यंत्र एकदम सोवळे झाले. मग ओरड करण्याची पाळी दुसऱ्यांची आली. त्यांचेही तेच. लोकसभेत जिंकले तेव्हा यंत्र साधू, विधानसभेत हरले तेव्हा यंत्र चोर! नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका अर्जदारास, हरल्यावरच यंत्रात बिघाड कसा दिसतो, असे विचारून वाटेस लावले. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आमच्या आयाबायांनी काही उगीच केलेली नाही.

तेव्हा पुढाऱ्यांचे राहू द्या. प्रश्न रयतेचा आहे.

हिंगोलीच्या मोंढ्यात, वसमतच्या हळदीच्या बाजारात, औंढ्याच्या एस. टी. थांब्यावर नोव्हेंबर २०२४ पासून जे बोलणे चालले ते आम्ही ऐकले आहे. लोकसभेला या मतदारसंघातून नागेश पाटील आष्टीकर एक लाख आठ हजारांवर मतांनी निवडून आले. अवघे सात महिने गेले, आणि २० नोव्हेंबरच्या विधानसभेत जिल्ह्यातील तिन्ही जागा उलट बाजूस गेल्या: हिंगोलीस तानाजी मुटकुळे, कळमनुरीस संतोष बांगर, वसमतेस चंद्रकांत नवघरे. लोक म्हणू लागले, आम्ही तर इकडे मत दिले, मग ते तिकडे गेले कसे?

आमचे उत्तर असे की, मते फिरू शकतात. ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये घरोघरी पोचू लागले होते. लोकसभेला एका कारणाने मत देणारा माणूस विधानसभेला दुसऱ्या कारणाने देतो. जातीजातींत जी कडवट हवा त्या वर्षी पसरली तिचाही परिणाम झालाच असेल. शेवटच्या रात्री वस्त्यांवर काय वाटले जाते हे आम्ही सांगावयास नको. ती चोरी यंत्राबाहेर होते आणि तिला आपलेच हात लागतात. हे सारे आम्ही मोंढ्यातल्या माणसास सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि एकच सवाल केला: ‘खरं असंल तुमचं. पण मला दाखवा.’ येथे आम्ही निरुत्तर झालो. कारण दाखविण्यासारखे त्याच्याही हाती काही नाही आणि आमच्याही नाही.

आता यंत्राचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू, कारण पुष्कळांस त्याची नीट माहिती नाही. आपण ज्यावरचे बटण दाबतो त्या पाटीवर उमेदवारांची नावे व चिन्हे असतात. तिच्याजवळ एक छापणारी पेटी असते. तिला ‘व्हीव्हीपॅट’ म्हणतात. बटण दाबले की या पेटीच्या काळसर काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते, तिच्यावर आपण निवडलेल्या उमेदवाराचे नाव व चिन्ह असते, आणि मग ती कापली जाऊन पेटीत पडते. तिसरे यंत्र केंद्राध्यक्षांच्या टेबलावर असते. मते त्यात साठतात आणि मोजणीच्या दिवशी आकडा तेथूनच निघतो. यंत्रे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स व हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कारखान्यांत तयार होतात. चिठ्ठीची पेटी पहिल्यांदा २०१३ साली नागालँडातील नोकसेन येथे वापरली गेली, आणि २०१९ च्या लोकसभेपासून सगळीकडे आली.

म्हणजे मतदाराच्या डोळ्यांना जे दिसते ती चिठ्ठी. आणि जे मोजले जाते ते यंत्राच्या पोटातील. चिठ्ठी पाहिलेली मोजीत नाहीत आणि मोजलेले कोणी पाहिलेले नाही. सारी खोच येथे आहे.

मोंढ्यातला माणूस हे ताबडतोब समजतो, कारण काट्याशी त्याचा जन्माचा व्यवहार आहे. पूर्वी मापाडी हाताने तागडी धरीत असे आणि बोटाने दांडी कशी दाबावी हे त्यास ठाऊक असे. मग आकडे दाखविणारे वीजकाटे आले. त्यांवर आमच्या शेतकऱ्याने आंधळा विश्वास ठेवला काय? मुळीच नाही. वैधमापन खात्याचा निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो आणि शिक्का मारतो. शिवाय शेतकऱ्यास संशय आला तर तो पोते उतरवून दुसऱ्या काट्यावर नेतो. उसाच्या काटामारीची ओरड तर दर हंगामात होते; सरकार भरारी पथके नेमते; गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मग कारखान्यात घालू द्या, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संघटना करीत आल्या आहेत. ‘आमच्या काट्यावर संशय घेता म्हणजे तुम्ही साखरधंद्याचे शत्रू,’ असे कारखानदार म्हणू लागला तर गावात त्याचे हसे होईल. मग मताच्या काट्यावर संशय घेणाऱ्यास लोकशाहीचा शत्रू का म्हणावे?

दुसऱ्या काट्यावर पोते नेण्याचा हा साधा विचार एका गावाने करून पाहिला. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मारकडवाडी म्हणून गाव आहे. २०२४ च्या विधानसभेत माळशिरसची जागा उत्तमराव जानकर यांनी तेरा हजारांवर मतांनी जिंकली. पण मारकडवाडीत मात्र त्यांस ८४३ मते आणि विरोधी राम सातपुते यांस १००३ मते निघाली. गावातील जानकरांच्या बाजूचे लोक म्हणाले, हा आकडा आमचा नव्हे. लक्षात घ्या, त्यांचा माणूस निवडून आला होता. हरलेल्याचे रडगाणे म्हणून हे उडवून लावण्याची सोय नव्हती. त्यांनी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिका छापल्या आणि ३ डिसेंबरला गावातच पुन्हा एकदा कागदावर मतदान घेऊन पाहावयाचे ठरविले. सरकारने काय केले? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली जमावबंदी पुकारली, गावात पोलीस आणून उभे केले, आणि मतदान घ्याल तर गुन्हे दाखल होतील अशी तंबी दिली. गावकऱ्यांनी बेत सोडला. तरीही आमदारांसह अनेकांवर गुन्हे दाखल झाले. पाठोपाठ दोन्ही बाजूंचे पुढारी तेथे सभा घेऊन गेले, वर्तमानपत्रांची व कॅमेऱ्यांची गर्दी झाली, आणि गावचा मूळ प्रश्न धुळीत गेला.

मारकडवाडीच्या त्या बेताविषयी आमचे मत आम्ही दडवून ठेवीत नाही. ते फेरमतदान पार पडले असते तरी त्यातून फारसे सिद्ध झाले नसते. चारचौघांच्या देखत, एका बाजूच्या पुढाकाराने, पंधरा दिवसांनी घेतलेल्या मतदानात दुसऱ्या बाजूचा गरीब माणूस आलाच नसता, आणि आला असता तरी मोकळ्या मनाने मत देऊ शकला नसता. मत गुप्त असते म्हणूनच सालगड्याला मालकाविरुद्ध मत देता येते. गावाने उघड्यावर घेतलेले मतदान उद्या गावच्या पाटलालाच सोयीचे होईल. कायद्यातही त्यास आधार नव्हता.

पण बेत चुकीचा होता म्हणून भूक खोटी ठरत नाही. दोन हजारांच्या आसपास मतदारांच्या गावाने सरकारास एवढेच म्हटले होते की, आमचे वजन पुन्हा करून दाखवा. त्यास सरकार म्हणू शकले असते, ‘ठीक आहे, तुमच्या गावच्या चिठ्ठ्या पेटीत जशाच्या तशा आहेत. दोन्ही बाजूंचे दहा दहा लोक बोलावू आणि तुमच्या डोळ्यांसमोर मोजू.’ दोन तासांत निकाल लागला असता. १००३ आणि ८४३ निघाले असते तर संशयखोरांची तोंडे कायमची बंद झाली असती. कर नाही त्याला डर कशाची? ते न करता शिपाई पाठविले. शिपाई पाहून माणूस गप्प बसतो. त्याची खात्री मात्र पटत नाही.

सरकारचे जुन्या काळापासूनचे वर्तन पाहिले म्हणजे याचे नवल वाटत नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी शेतकरी सावकारांवर उठले. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, तरी त्या बंडाची हकीकत आमच्या लोकांस परकी नाही. त्यांनी माणसे मारली नाहीत. मुख्यतः सावकारांचे दस्तऐवज आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. कारण त्या वहीत काय लिहिले आहे हे त्यांस वाचता येत नव्हते. सावकाराने शंभर म्हणावे, कुळकर्ण्याने ‘होय, लिहिलेले आहे’ म्हणावे आणि शेतकऱ्याने अंगठा उठवावा. वही खरी असेल किंवा खोटी असेल, अंगठा उठविणाऱ्यास ती सारखीच काळी. इंग्रज सरकारने दंगेखोरांस धरले, शिक्षा केल्या. पण चौकशीही बसविली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करून गावोगाव दस्त नोंदण्याची सोय केली, कुळास पावती व हिशेब मिळण्याचा हक्क दिला. परक्या सरकारासही इतके कळले की, वह्या जाळणारास नुसते फटके मारून भागत नाही, वही उघडावी लागते. बिलोलीच्या कुऱ्हाडीस शिक्षा देऊन मोकळे होणाऱ्या स्वकीय सरकारास हे का कळू नये?

आता आयोगाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदी पोकळ नाही. कागदी मतपत्रिकेचा काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. पुढे एका कागदावर शिक्का मारण्याची रीत आली. त्यात देशाच्या कित्येक भागांत दांडग्यांनी केंद्रे बळकावली, गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेट्या भरल्या, आणि शिक्का दोन चौकोनांच्या मध्ये पडला म्हणून अडाणी माणसाचे मत बादही झाले. यंत्र मिनिटाला चारांहून अधिक मते घेत नाही, त्यामुळे गठ्ठ्याने मते भरण्यास अडचण होते. बाद मतही होत नाही. हे फायदे गरिबाचेच आहेत. ‘मतपत्रिका आणा’ अशी सरसकट आरोळी ठोकणारांनी पूर्वीची लाठी विसरू नये.

चिठ्ठ्यांविषयी आयोगाचे म्हणणे असे की, आजवर चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. २०१९ च्या एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेने दर विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. आधी एकाच केंद्राच्या मोजीत असत. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या, आणि कोठेही फरक आढळला नाही असे आयोगाने जाहीर केले. राज्यभर मोठ्या प्रमाणावर लबाडी झाली असती तर इतक्या केंद्रांत कोठे ना कोठे ती उघडी पडली असती, हे कोणाही शहाण्या माणसास पटेल. आम्हांस पटते.

परंतु हिंगोलीच्या माणसाचा सवाल राज्याचा नाही, त्याच्या मतदारसंघाचा आहे, त्याच्या गावाचा आहे. जिल्ह्यात तीन मतदारसंघ, त्यांची मिळून पंधरा केंद्रे तपासली गेली. एका मतदारसंघात साडेतीनशे केंद्रे धरा. त्यांपैकी दहांत काही गडबड आहे असे केवळ हिशेबासाठी समजा. ईश्वरचिठ्ठीने पाच केंद्रे काढली तर त्या दहांपैकी एखादे हाती लागण्याचा संभव शंभरात तेरा-चौदा. म्हणजे शंभरातून शहाऐंशी वेळा तपासणी होईल, सारे जुळेल आणि गडबड तशीच राहील. अटीतटीच्या जागी निकाल दहा केंद्रांवर फिरतो. मुंबईत वायव्य मतदारसंघाची लोकसभा २०२४ साली ४८ मतांनी सुटली, हे विसरू नका. साऱ्या ढिगाला पाच मुठी पुरतात, पण आपल्याच पोत्यात खडे आहेत की काय, हे त्या पाच मुठींनी कळत नाही.

मग सगळ्या चिठ्ठ्या का मोजीत नाहीत? वेळ लागतो म्हणे. निम्म्या चिठ्ठ्या मोजावयाच्या म्हटल्या तर निकालास पाच-सहा दिवस उशीर होईल, असे आयोगाने २०१९ साली न्यायालयास सांगितले होते. आमच्या हिंगोलीचे मतदान झाले २६ एप्रिलला आणि मोजणी झाली ४ जूनला. एकोणचाळीस दिवस ती यंत्रे कुलपात पहाऱ्याखाली पडून होती, तेव्हा कोणाची घाई खोळंबली नाही. राज्यातील नगरपालिकांचे बहुतेक मतदान, हिंगोलीचेही, २ डिसेंबर २०२५ ला झाले आणि मोजणी २१ तारखेस. एकोणीस दिवस! वाट पाहण्याची सवय रयतेला आहे. पीकविम्यासाठी ती वर्ष वर्ष वाट पाहते. पाच दिवस तिला जड नाहीत. जड असलेच तर ते त्याच संध्याकाळी गुलाल उधळणाऱ्यांस असतील.

२६ एप्रिलच्या निकालाने एक वाट ठेवली आहे, तीही पाहू. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास सात दिवसांच्या आत अर्ज करून मतदारसंघातील शंभरात पाच यंत्रे तपासून घेता येतात. खर्च त्याने आधी भरावयाचा, लबाडी निघाली तर परत मिळावयाचा. २०२४ साली दर ठरला एका संचास ४०,००० रुपये व वर १८ टक्के कर, म्हणजे ४७,२००. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, आणि तो मोंढ्यात किती जणांना मिळाला हे आम्ही विचारीत नाही. हमीभावानेच धरले तरी एक यंत्र तपासावयास साडेनऊ क्विंटलांहून अधिक सोयाबीन विकावे लागते. साडेतीनशे केंद्रांत अशी अठरा यंत्रे धरा: साडेआठ लाखांच्या घरात रक्कम गेली. कुठल्या सुताराचा, कुठल्या धनगराचा पोरगा उमेदवार होऊन इतके पैसे भरील? बरे, इतके भरून आयोगाने दाखविले काय? मतदानाच्या दिवशीची मते नव्हेत. त्या यंत्रावर लुटुपुटीचे मतदान पुन्हा करून, यंत्र ठीक चालते एवढे दाखवावयाचे, अशी आयोगाने रीत काढली. शेतकरी म्हणतो माझे काल तोललेले पोते पुन्हा तोला, आणि मापाडी म्हणतो हे पाहा, रिकाम्या काट्यावर मी हात ठेवतो, काटा हलतो की नाही? शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, तपासणीच्या नावाखाली यंत्रातील मूळ नोंद पुसू नका.

त्यात भर म्हणून एकामागून एक खिडक्या बंद होत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमांत बदल करून मतदान केंद्रांवरील चित्रीकरण सामान्य माणसास मागता येणार नाही अशी तजवीज केली. मे २०२५ मध्ये आयोगाने ठरविले की, निकालाविरुद्ध अर्ज नसेल तर ते चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करावे. महाराष्ट्रात संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के सांगितलेले मतदान अखेर ६६.०५ टक्के कसे झाले याविषयी पुष्कळ वाद झाला. पाचनंतर रांगेत असलेल्यांनी मत दिले, आणि पाचचा आकडा कच्चा होता, असे आयोगाचे उत्तर. ते खरेही असेल. उच्च न्यायालयाने त्याविरुद्धचा अर्ज जून २०२५ मध्ये फेटाळला. पण उत्तर खरे असेल तर रांगेची चित्रे दाखविण्यात काय बिघडते? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरातल्या अब्रूपुरते ठीक आहे. सार्वजनिक हिशेबास ते लागू नाही. आणि आमच्या नगरपालिकांच्या व ग्रामपंचायतींच्या यंत्रांना तर चिठ्ठीची पेटीच नाही! एका प्रभागातून अनेक सदस्य निवडावयाचे असल्याने अडचण आहे, असे राज्य निवडणूक आयोग म्हणतो. ज्या निवडणुकीत आपल्या गल्लीतील नळ आणि आपल्या वाडीचा रस्ता ठरतो, तिच्यात सात सेकंदांचे दर्शनसुद्धा नाही.

यंत्रावर शंका घेणे हा काही गावंढळपणा नाही. हे यंत्र देशात प्रथम लागले ते १९८२ च्या मे महिन्यात केरळात परूर येथे, पन्नास केंद्रांवर. तेथे हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात यंत्राला आधारच नाही. त्या पन्नास केंद्रांवर पुन्हा कागदाने मतदान झाले आणि हरलेले जोस जिंकले. त्यानंतर कायदा बदलला, आणि २००४ पासून साऱ्या देशाची लोकसभा यंत्रावर होऊ लागली. जर्मनीसारख्या यंत्रविद्येच्या माहेरघरी २००९ साली तेथील सर्वोच्च घटनान्यायालयाने मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. कारण चोरी सापडली म्हणून नव्हे. मतदान व मोजणी यांतील मुख्य पायऱ्या साध्या नागरिकास, विशेष विद्या न शिकता, स्वतः तपासता आल्या पाहिजेत, असा त्या न्यायाधीशांचा दंडक होता. आयर्लंडने कोट्यवधींची यंत्रे घेतली आणि अखेर भंगारात काढली. हॉलंड कागदावर परतले. आमच्याकडील काही शिकलेले गृहस्थ म्हणतात की, या यंत्राचे शास्त्र अडाण्यांस कळावयाचे नाही, तज्ज्ञांवर सोडा. हे वाक्य आम्ही पूर्वी कोठेतरी ऐकले आहे. पोथी तुम्हांस कळावयाची नाही, भटजींवर सोडा. दप्तर तुम्हांस कळावयाचे नाही, कुळकर्ण्यावर सोडा. सोडून सोडून रयतेचे जे झाले ते झाले.

आमची मागणी मतपत्रिकेची नाही. कागद आजही आहे. प्रत्येक मतामागे एक चिठ्ठी पेटीत पडून आहे. ती मोजा. सर्व मोजणे आज जमत नसेल तर निदान इतके करा की, प्रत्येक मतदारसंघात ईश्वरचिठ्ठीच्या पाच केंद्रांखेरीज हरलेल्या पहिल्या दोन उमेदवारांनी बोट ठेवलेली काही केंद्रे फुकट मोजली जावीत. ज्यास संशय आहे त्यानेच पोते निवडावे. चिठ्ठ्या मोजण्यास यंत्राची मदत घेता येईल काय, हे आयोगाने पाहावे, अशी सूचना न्यायालयानेच त्या २६ एप्रिलला केलेली आहे. ती कोठे धूळ खात पडली? आणि ग्रामपंचायतीच्या यंत्राला चिठ्ठीची पेटी लावा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या वाचकांच्या हाती जे आहे ते त्यांनी सोडू नये. मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी दीड तास केंद्रावर प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांची चाचणी घेऊन, चिठ्ठ्या ताडून, मग यंत्र कोरे करतात. आमच्याकडे उमेदवारांचे प्रतिनिधी त्या वेळी अंथरुणात असतात. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ‘नमुना १७ क’ भरतात; त्यात त्या केंद्रावर एकूण किती मते नोंदली हे असते, आणि सही केलेली त्याची नक्कल हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीस मिळण्याचा हक्क आहे. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा एकूण आकडा या कागदाशी जुळला पाहिजे. कित्येक गावांत हा कागद कोणी घेतच नाही. घेतला तर जेवणाच्या डब्याबरोबर हरवून टाकतात. बटण दाबल्यावर घाईने बाहेर पडू नका. सात सेकंद काचेकडे पाहा, म्हाताऱ्या आईबापांसही तसे सांगून ठेवा. चिठ्ठीवर भलतेच नाव दिसले तर तक्रार करता येते, मात्र लेखी जबाब द्यावा लागतो आणि चाचणीत तक्रार खोटी ठरली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही तरतूद म्हणजे तक्रारदाराच्या तोंडावर ठेवलेला हात आहे आणि ती काढून टाकली पाहिजे. पण ती आहे तोवर माहीत असलेली बरी.

पुढची निवडणूक कोणतीही असो, सेनगावापासून वसमतेपर्यंत ज्या गावांतून ‘१७ क’ ची नक्कल नीट उतरवून घेतली जाईल आणि मोजणीचा आकडा शेजारी लिहून आमच्याकडे येईल, तिचे दोन्ही आकडे आम्ही गावाच्या नावानिशी या पत्रात छापू, जुळले तरी आणि न जुळले तरी.